लीला त्याची बहीण नव्हती

दादा, पिक्चर बघून आले.

तुझा फोटो अजून भिंतीवर लागलेला नाही. तुझ्या संतोषनं तो टीव्हीशेजारी टेकवून ठेवलाय, हार सुकून गेलाय, आणि मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलेय. वहिनी आतून दोनदा म्हणाली, ताई, आधी दोन घास खाऊन घ्या, मग काय भांडायचं ते भांडा. मी ताट झाकून ठेवायला लावलं. फोटोतही तू गालातल्या गालात हसतोयस. लहानपणी थाप मारून झाली की हसायचास, तसाच. ते हसू कशाचं होतं हे मला तेव्हा कळलं नाही.

तू गेलास त्या आठवड्यात माणसांची रीघ लागली होती. कंपनीतले जुने लोक आले, पाचोडची भावकी आली. जो तो तेच बोलत होता, लक्ष्मण म्हणजे सरळ माणूस, उभ्या जन्मात खोटं बोलला नाही. मी पदर तोंडाला लावून मान डोलवत होते. आता त्या सगळ्यांना परत बोलवावं, चहा पाजावा आणि खरं काय ते सांगावं असं वाटतंय.

ते कॉमिकचे अंक कुठून आले होते, आठवतंय ना? पाचोडच्या बाजारात आबा कोकरं विकायला बसायचे आणि आपण रद्दीवाल्याच्या ताडपत्रीवर. त्याच्याकडं औरंगाबादच्या छावणीतली, साहेबलोकांच्या घरची रद्दी यायची. त्या ढिगात तुला ‘पायलट समीर’ सापडला. सहा अंक, सुतळीनं बांधलेले, सगळे इंग्रजीत. तू दिवसभर रद्दीवाल्याला पाणी आणून दिलंस आणि गठ्ठा मिळवलास.

मग मेंढरं चरायला सोडली की तू बांधावर पालथा पडायचास आणि मी तुझ्या कोपराला टेकून बसायचे. दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट, ब्रह्मदेशाच्या जंगलावर उडणारा आपला पायलट. तू एकेका चित्रावर बोट ठेवून वाचायचास. तुला जेमतेम एबीसीडी येत होती. त्यावरून तू नावं जुळवलीस, समीर, लीला. बाकी सगळं चित्रं बघून ठोकून देत होतास. मला काय माहीत? मी दुसरीतली पोर. मला वाटायचं, माझ्या दादाला साहेबासारखं इंग्रजी येतं. शाळेत मी तसं सांगूनही आले होते.

सहाव्या अंकात लीला यायची. खाकी कपडे, डोक्यावर हेडफोन, समोर बिनतारी यंत्र, दोन बोटं कानाशी. मी विचारलं, ही कोण. तू जरासा थांबलास. मग म्हणालास, ही समीरची धाकटी बहीण.

आणि काय काय सांगितलंस तिच्याबद्दल. आत्यानं तिचं लग्न ठरवलं होतं, ते तिनं मोडलं आणि भावाच्या मागं विमानतळावर गेली. यंत्र शिकली. ढगात समीर वाट चुकला, तेल संपत आलं, तेव्हा लीलानं त्याला आवाजावर खाली आणला, आपण तिन्हीसांजेला चुकलेलं मेंढरू हाका मारून आणायचो तसा. डावीकडं ये, आता सरळ, घाबरू नको, मी हाय. लीलाला अंधाराची भीती वाटायची, पण ती कुणाला सांगायची नाही. लीलाला भेंडीची भाजी आवडायची नाही. महायुद्धाच्या गोष्टीत भेंडी कुठून आली, हे मला उभ्या आयुष्यात सुचलं नाही. मलाही भेंडी आवडत नव्हती, त्यामुळं मी लई खूश व्हायचे, एवढंच.

मी आठवी पास झाले आणि सिल्लोडकडचं स्थळ आलं. आबांनी सुपारी फोडायची तयारी केली. मी चुलीपाशी उभी राहून सांगितलं, मला लग्न करायचं नाही, मला बिनतारी यंत्रावर काम करायचंय. आईनं कपाळावर हात मारून घेतला. पोरगी काय बरळतेय ते घरात कुणालाच कळेना. तुला तेवढं कळलं. तू कंपनीत लागला होतास, उस्मानपुऱ्यात खोली करून राहत होतास. निरोप मिळाला तसा एसटीनं आलास आणि आबांशी भांडलास. आबांनी कितीतरी दिवस तुझ्याशी बोलणं टाकलं. तू मला औरंगाबादला आणलंस, शाळेत घातलंस, स्वतः स्टोव्हवर भाकरी थापून मला डबा दिलास. हे मी विसरलेले नाही. आज एवढी चिडले तरी विसरत नाही.

त्याच साली ते अंक गेले. गावाकडं पत्र्याच्या पेटीत होते. मला आता थोडंफार इंग्रजी लागत होतं, म्हणून मी तुला म्हणाले होते, दिवाळीला अंक घेऊन येते, आता मी तुला वाचून दाखवीन. तू माझ्याआधी एक दिवस गावी गेलास. मी जाऊन पेटी उघडते तर रिकामी. वाळवी लागली, जाळून टाकले, म्हणालास. मी रडून रडून डोळे सुजवले. पुढच्या पगाराला तू मला छोटा ट्रान्झिस्टर आणून दिलास आणि मी गप्प झाले. सगळं समोर होतं, दादा. मला दिसलं नाही, कारण सांगणारा तू होतास.

पुढं मी पोलिसांच्या बिनतारी विभागात लागले. लग्नही केलं, पण नोकरी लागल्यावर, माझ्या मर्जीनं. पहिल्या पहिल्यांदा यंत्रावर माझा आवाज कापायचा. हेडफोन कानाला लावला की मी मनात म्हणायचे, लीला भ्यायली तरी बोलत राहिली होती. एकदा पैठणच्या बाजूला ओढ्याला पाणी आलं आणि आपली जीप मधोमध अडकली. आतला हवालदार रडकुंडीला आला होता. होडी पोचेपर्यंत मी त्याच्याशी बोलत राहिले, त्याच्या पोरांची नावं विचारली, जेवण काय केलं ते विचारलं. घरी येऊन तुला सांगितलं, दादा, आज मी लीला झाले. तू ताटात भाकरी कुस्करत राहिलास. मला वाटलं, तुला भरून आलंय.

मग मुंबईत ‘पायलट समीर’वर पिक्चर निघणार अशी बातमी आली. मी पेढे घेऊन तुझ्याकडं पळत आले. तू पेढा तोंडात टाकून म्हणालास, निघत नसतो असला पिक्चर. आणि खरंच किती वर्षं निघाला नाही. एकदा पैसे लावणारा पळाला. एकदा हिरो बदलला. मग कोरोना आला. मग विमानांची दृश्यं जमली नाहीत म्हणून परत काढायला घेतली. तारीख पुढं गेली की मी चडफडायचे आणि तू खुशीत यायचास, वहिनीला भजी करायला सांगायचास. मला वाटायचं, मला चिडवतोय.

दर रविवारी मी तुमच्याकडं. नवीन फोटो आला की मोबाइल तुझ्या नाकासमोर. लीलाच्या कामाला ती नखरेल हिरोईन घेतली तेव्हा आपलं केवढं वाजलं होतं. मी म्हणाले, बहिणीच्या कामाला असली बाई घेतात का? तू म्हणालास, घेईनात का, तुला काय करायचंय. मग ते पोस्टर आलं, समीर आणि लीला गालाला गाल लावून. मी पेटलेच. ह्या मुंबईवाल्यांनी बहिणीची प्रेयसी करून टाकली, लाजा कशा वाटत नाहीत, म्हणत घर डोक्यावर घेतलं. संतोष फोन आल्यासारखं करून बाहेर गेला. वहिनीला तेव्हाच गॅसवरचं दूध आठवलं. तुला खोकला आला, चांगला दम लागेपर्यंत. मी उठून तुला पाणी दिलं.

समीरच्या चाहत्यांचा फेसबुकवर एक ग्रुप आहे. तिथं मी ते पोस्टर टाकून लिहिलं की लीला ही समीरची सख्खी बहीण आहे, मी मूळ अंक लहानपणी वाचलाय, हा अन्याय आहे. तर पोरं नुसती हसायला लागली. काकू, तुम्ही कोणतं कॉमिक वाचलं, म्हणे. कुणी हसणारी तोंडं पाठवली, कुणी म्हणालं, काकूंना गोळ्या द्या. मी अख्खी नोकरी खाकीत काढली, कुणाची माझ्याशी असं बोलायची टाप नव्हती. मी सरळ तुझ्याकडं आले. संध्याकाळची वेळ, वहिनी भाजी आणायला गेलेली, आपण दोघंच होतो. खरं सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. तू बशीत चहा ओतलास, फुंकर मारलीस आणि म्हणालास,

“आजकालची पोरं हायेत, सुमे. सहावा अंक कुणी डोळ्यानं बघितलेला नाय. तू आन् मीच बघितलाय.”

दादा, ही थाप मला सोसत नाही. बांधावरची मी सोडून देते. तेव्हा तू पोरगा होतास, आणि बहिणीपुढं इंग्रजी येत नाही असं कोण कबूल करतं? वाळवीचीही सोडून देते. पण ही तू साठी उलटल्यावर मारलीस, नातवंडं मांडीवर खेळत असताना, मी हसं करून घेऊन तुझ्या दारात आल्यावर. आणि मी शहाणी परत गेले आणि त्या ग्रुपवर ठणकावून लिहिलं की तुमच्यापैकी कुणीही सहावा अंक वाचलेला नाही.

दवाखान्यात तुला धाप लागत होती. नर्स बोलू नका म्हणत होती तरी तू माझा हात ओढून म्हणालास, पिक्चर बघू नको. मला वाटलं, माझ्याशिवाय बघू नको म्हणतोय. म्हणाले, तू बरा हो, दोघं जाऊ, मी तिकीट काढते. तू डोळे मिटून घेतलेस. सकाळी गेलास.

दहाव्याला पैठणला गोदावरीकाठी पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. संतोषनं हात जोडून सांगितलं, आईला अंतर देत नाही. कावळे आपले लांब झाडावर. भावकीनं काय काय कबूल केलं. मला वाटलं, याचा जीव पिक्चरमध्ये अडकलाय. मी पुढं झाले आणि मोठ्यानं म्हणाले, दादा, पहिल्याच दिवशी बघते, तुझ्या वाटणीचाही बघते. तर झाडावर होते तेवढे कावळेसुद्धा उडून पलीकडच्या काठाला गेले. माणसं हसू दाबायला लागली. मग वहिनी खाली वाकली, पिंडाशी काहीतरी पुटपुटली, आणि थोड्या वेळानं एक कावळा आला. मी विचारलं, काय म्हणालीस गं? ती म्हणाली, काय नाय, घरातलं.

पिक्चर लागला. सुतक फिटलं होतं, तरी भाऊ जाऊन महिना नाही आणि ही निघाली थेटरात, असं शेजारणी बोलल्या. बोलू दे म्हटलं, त्यांना काय माहीत आपण किती वर्षं वाट बघितली ते. संतोषला घ्यायला इथं आले. वहिनी दारात येऊन उभी राहिली, मी निघेपर्यंत तिथंच घुटमळली, एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. थेटरात संतोषनं मला खिडकीवरून खायला आणून दिलं आणि पिक्चरभर माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

लीला पडद्यावर आली. तेच खाकी कपडे, तशीच दोन बोटं कानाशी. माझे डोळे भरून आले, मी संतोषचं मनगट धरलं. मग तिनं समीरच्या विमानांचा ठावठिकाणा शत्रूला कळवला. मी म्हटलं, हिची काहीतरी युक्ती असंल, शत्रूला गंडवतेय. समीरचा जिवलग दोस्त विमानासकट जळाला. तरी मी म्हटलं, थांबा, आता उलगडंल. शेवटपर्यंत मी त्या बाईच्या बाजूनं वाट बघत बसले. शेवटी समीरनं तिला त्या यंत्रासमोरच गोळी घातली आणि थेटर शिट्ट्यांनी दणाणलं. मागचा एकजण उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला वाटलं, माझ्या मोडलेल्या सोयरिकीला, माझ्या सगळ्या नोकरीला, त्या जीपमधल्या हवालदाराला सुद्धा, लोक टाळ्या वाजवून हसतायत.

बाहेर आल्यावर मी वाट्टेल ते बोलले. वाटोळं केलं गोष्टीचं, यांच्यावर केस टाकायला पाहिजे. संतोष गाडीला किल्ली लावून तसाच उभा राहिला.

“आत्या, पुस्तकातबी असंच हाय,” तो म्हणाला. “ती पहिल्यापासून हेरच हाय.”

मी विचारलं, तुला कसं माहीत? तो जमिनीकडं बघत म्हणाला, बाबांनी सांगितलं होतं, त्याचं लग्न व्हायच्या आधीच.

म्हणजे त्याला माहीत होतं. वहिनीला माहीत होतं. सुनेलाही माहीत होतं. मी दर रविवारी येऊन लीला लीला करायचे आणि हे घर माझ्यापुढं गप्प बसायचं. माझी कीव करत बसायचं.

वहिनीकडून मग सगळं काढून घेतलं. उस्मानपुऱ्यात तुझ्या शेजारच्या खोलीत कॉलेजचा एक मुलगा होता. तू गावाहून सहावा अंक नेऊन त्याच्याकडून वाचून घेतला होतास. माझी सोयरीक आली त्याच्याही आधी. म्हणजे आबांशी भांडायला आलास तेव्हा लीला कोण आहे हे तुला पुरतं ठाऊक होतं, आणि तू माझ्या बाजूनं उभा राहिलास. अंक वाळवीनं खाल्ले नव्हते. तू ते पाचोडच्या त्याच रद्दीवाल्याला नेऊन दिलेस. वहिनीला लग्नानंतर सांगितलंस आणि शपथ घातलीस. तिची दहावी होऊ दे, मग सांगू. नोकरी लागू दे, मग सांगू. रिटायर होऊ दे, मग सांगू.

पिंडापाशी काय पुटपुटली तेही वहिनीनं सांगितलं. ती तुला म्हणाली होती, तुमच्यानं झालं नाय, मी सांगते ताईला. मग का नाही सांगितलंस, मी विचारलं. तर म्हणते,

“तुम्ही इस्त्रीची साडी नेसून आल्या व्हत्या. माझं तोंडच उघडंना.”

कावळ्याला शब्द देऊन तिनं मोडला, दादा. तुला शोभेल अशीच बायको मिळाली.

रिटायर झाल्यावर सांगणार होतास म्हणे. माझा निरोप समारंभ आठव. तू दुसऱ्या ओळीत, नवा सदरा घालून. मला माईक दिला तेव्हा मी साहेबांचे आभार मानायच्या आधी सांगितलं, मी ज्या माणसामुळं या खुर्चीत बसले त्याला मी कधी बघितलेलं नाही. मुंबईत कुणी लेखक असेल. लीला त्यानं लिहिली. तो मला भेटला तर मी सगळ्यांसमोर त्याच्या पाया पडीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास, मी बघितलं. येताना रिक्षात मी तुला म्हणाले, काय माणूस असंल रे तो, पोरीच्या मनातलं त्याला कसं कळलं असंल? तू बाहेर बघत होतास. म्हणालास, असंल कुणीतरी.

तिथं सांगायचं होतंस. मी रिक्षा थांबवून उतरले असते. तुझ्याशी बोलणं टाकलं असतं, आबांसारखं. मग न राहवून एके दिवशी स्वतःच आले असते, मी तुझ्याशिवाय कुठं जाणार होते? त्या लेखकानं लिहिलेली लीला मी आज बघितली. ती माझ्या काय कामाची? अंधाराला भिणारी, आणि तरी भावाला आवाजावर खाली आणणारी, ती तू केलीस. मेंढरं राखणाऱ्या पोरानं, एबीसीडीच्या पलीकडं काही येत नसताना, शेजारी बसलेल्या बहिणीकडं बघून केलीस. आणि मी जन्मभर शाबासकी भलत्याच माणसाला देत राहिले. तू शेजारी बसून ती जाऊ दिलीस.

खोटं बोललास ते मी कधीतरी पोटात घालीन. हे मात्र जमणार नाही. तुला तिरडीवर ठेवलं तेव्हा मी तुझे पाय धरले, ते गार पडले होते. तेव्हा मी थोरला भाऊ म्हणून पाया पडले. लीलासाठी तुझ्या पाया पडायचं राहिलं, दादा, आणि ते तू जाणूनबुजून राहू दिलंस.